ग्रहणातला घास

शकूला पेज भरवायची वेळ आली की तुळसा हातातलं काम टाकून भिंतीशी बसायची. पोरीला मांडीवर उताणी घ्यायची, मान कोपरात धरायची आणि शिंपल्यानं पेज तोंडात सोडायची. पेज जिभेवर पडताच शकूचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणायचं. डोकं मागं फेकलं जायचं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, मुठी छातीशी आवळायच्या. मग ठसका लागायचा आणि ओठ निळे पडेपर्यंत श्वास परतायचा नाही. तुळसा तिला पालथी करून पाठीवर थापट्या मारायची. अर्धी पेज लुगड्यावर सांडायची, थोडी पोटात जायची. पोर चार वर्षांची झाली होती, पण उचलली तर कोंबडीएवढी हलकी लागायची.

ठाण्याहून खाडी ओलांडली की कळव्याचं खाजण लागतं. भरतीचं पाणी जिच्यावर चढतं आणि ओहोटीला उतरतं, अशी ती चिखलाची जमीन. तिथं बांध घालून मिठागरं केलेली होती, आणि त्यांतल्या एका मिठागरावर तुळसाचा नवरा भिवा वाफे राखायचा. घरात त्याची आई सखुबाई, तुळसा आणि ही एक पोर.

शकू पायाळू जन्मली होती. आधी पाय आले आणि डोकं बराच वेळ अडून राहिलं. सुईण रंगूबाईनं ओढून काढली तेव्हा पोर काळीनिळी होती आणि रडत नव्हती. रंगूबाईनं तोंडात फुंकर मारली, गार पाणी शिंपडलं, तेव्हा कुठे मांजरासारखा आवाज आला. तरीही सखुबाईला आनंद झाला. पायाळू माणसाच्या पायाची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक. शकू तान्ही असताना पाठ धरलेल्या बाया येऊन ओणव्या व्हायच्या आणि सखुबाई पोरीचा पाय त्यांच्या पाठीला लावायची. पुढं पोरीला बसता येईना, मान धरता येईना, पाय लाकडासारखे झाले. मग बाया येईनाशा झाल्या. पाणवठ्यावर कुणीतरी बोललीच, "भिवाची पोर म्हंजे वळनीवरचा बोंबील. टांगला तसा सुकला." बाकीच्या हसल्या. तुळसानं हंडा भरला आणि निघून आली.

एकदा ती आणि भिवा पोरीला घेऊन ठाण्याला गेले. टेंभी नाक्याजवळ एक वैद्य बसायचे. त्यांनी शकूचे गुडघे वाकवून पाहिले, नाडी पाहिली.

"जन्माचा वात आहे हा," ते म्हणाले. "तेल देतो, चोळत जा."

"चालल का ती?" तुळसानं विचारलं.

"चालण्याचं नंतर बघू. हिच्या अंगावर मांस कुठे आहे? आधी पोटात अन्न जाऊ द्या. नाहीतर हा पावसाळा काढील, पुढचा काढणार नाही."

अन्न पोटात जावं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. पोरीचा पावसाळा मात्र त्यांनी मोजून दिला होता. पावसाळा तिनं कसाबसा काढला. त्या दिवसापासून तुळसाला एकच विचार होता. पोर नको चालू दे, नको बोलू दे, पण घास गिळू दे.

हे सन १८९८चं. पौषातली अवस शनिवारी येत होती आणि त्याच दिवशी दुपारी सूर्याला ग्रहण लागणार होतं. गावच्या भगतानं सखुबाईला सांगितलं, "असा योग पुन्ना नाय. ग्रहन लागलं का पोरीला छातीपरत जमिनीत पूर. भुई तिच्या अंगातला ताठा ओढून घेल. सुटलं का बाहेर काढ."

सखुबाई लगेच तयार झाली. त्या गावात लहान मूल गेलं तर त्याला जाळत नसत, खाजणाच्या कडेला पुरत. तुळसाच्या जावेची दोन तिथंच होती.

"जित्या पोरीला कशी पुरू, आत्या?" ती सासूला म्हणाली.

"एरवी नाय पुरत. ग्रहनात चालतं. ग्रहनातला खड्डा यो खड्डा नाय, दवा हाय ती."

वेध आदल्या रात्रीच लागले. घरात कुणी खाल्लं नाही, आणि शकूलाही सखुबाईनं काही देऊ दिलं नाही. भिवानं मिठागराच्या बांधाखाली खड्डा खणला. चिखल तुडवण्यात त्याचा हातखंडा होता. वाफ्याचा तळ पायानं तुडवून घट्ट केला नाही तर खारं पाणी जमिनीत मुरतं आणि मीठ धरत नाही. त्यानं शकूला खड्ड्यात उभी केली, भोवती माती सोडली आणि टाचेनं अगदी हलके दाबत गेला. पोरीचे हात बाहेर ठेवले. मग तो पुरुषमंडळींकडे गेला. सखुबाई बायांबरोबर खाडीच्या पाण्यात जप करायला गेली. खड्ड्याशी तुळसा एकटी राहिली.

भर दुपारी ऊन पातळ होत गेलं. बगळे झाडांकडे परतू लागले. गारवा सुटला. शकू रडत होती, आणि रडता रडता थांबली. तुळसानं पाहिलं तर पोरीचं डोकं मागं पडलेलं नव्हतं. मातीनं चारी बाजूंनी धरलेल्या त्या अंगावर मान सरळ उभी होती. शकू बगळ्यांकडे बघत होती. मुठी सैल झाल्या होत्या.

तुळसाच्या ओच्यात कालच्या भाताचा मऊ कुस्करलेला गोळा होता. ग्रहण सुटलं की पोरीच्या तोंडात पहिला तोच घालायचा, म्हणून तिनं लपवून आणला होता. भाताचा वास येताच शकूनं तोंड उघडलं आणि पुन्हा रडू लागली. कालपासून पोटात काही नव्हतं. सूर्याची कोर अजून वर तशीच धरलेली होती. तुळसानं इकडे-तिकडे पाहिलं. बोटावर शिताएवढा भात घेतला आणि पोरीच्या गालाच्या आत लावला.

शकूचे ओठ मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका लागला नाही.

तुळसानं दुसरा घास दिला, तिसरा दिला. गोळा संपला तेव्हा तिनं बोटं ओच्याला पुसली.

सखुबाई ओल्या लुगड्यानिशी पळत आली आणि शकूची उभी मान बघून मोठ्यानं ओरडली, "सोरली! ग्रहनानं सोरली माज्या पोरीला!"

दुसऱ्या दिवशी घरी उताणी घेऊन भरवलं तर ठसका होताच. तुळसा त्या गोष्टीचा विचार करत राहिली. ग्रहण तर सुटलं होतं. मग काल घास गेला तो कशानं? मानेनं. मान उभी राहिली ती कशानं? मातीनं धरली म्हणून.

पुढच्या आठवड्यापासून तिनं शकूला पाठीला बांधून मिठागरावर न्यायला सुरुवात केली. बांधाच्या पलीकडे, कुणाला दिसणार नाही अशा जागी तिनं खड्डा खणला. आधी पहिल्यासारखाच उभा खणला. मग तिच्या लक्षात आलं की पोरीचे गुडघे आणि कंबर दुमडली तर अंगाचा ताठा आणखी उतरतो. तेव्हा तिनं खड्ड्यात एका बाजूला मातीची पायरी ठेवली आणि शकूला तिच्यावर बसवून पुढून माती लावली. हनुवटी खाली, छातीकडे असली म्हणजे गिळायला सोपं जातं, वर असली की घास श्वासात जातो, हेही कळलं. पातळ पेजेनं ठसका लागतो, दाट केली तर लागत नाही. पाण्यानं सगळ्यात जास्त लागतो, म्हणून पाणीसुद्धा भातात कालवून द्यायचं. घास मधोमध ठेवला की जीभ तो बाहेर ढकलते, गालाशी ठेवला तर आत घेते. आणि एक घास दिल्यावर घाटी हलेपर्यंत थांबायचं. घाईनं काही होत नाही.

भिवानं एक दिवस ते पाहिलं. मिठाच्या ढिगावरून उतरून तो खड्ड्यापाशी उभा राहिला.

"आयसला सांगू नको," तुळसा म्हणाली.

"मी काय बगितलं? मी मीठ बगितलं," भिवा म्हणाला आणि फावडं घेऊन गेला.

दोन महिन्यांत शकूच्या गालावर मांस दिसू लागलं. सखुबाई गावभर सांगत सुटली. भगताला कोंबडा मिळाला. ग्रहणाचा गुण ऐकून खाडीपलीकडून लोक पोर बघायला यायचे. एकदा डोंबिवलीहून बायजा नावाची बाई पाठीला पोरगा बांधून आली. पोरगा शकूएवढाच होता आणि तसाच ताठ होता.

"तुमची पोर बगते तरी," बायजा हसत म्हणाली. "आमचा बगत पन नाय. बापावर गेलाय." मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "खातो का, ते इचारा. घास उतरत नाय याचा. काय केलंत तुमी?"

सखुबाईनं भगत, शनिवार, छातीपरत माती, सगळं सांगितलं. "पुढल्या ग्रहनाची वाट बग," ती म्हणाली.

तुळसा बायजाला बांधापर्यंत पोचवायला गेली. सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे रोजच्या दिवशी जित्या पोरीला खड्ड्यात घालते हे सांगायचं, आणि ते कळव्यात परत यायला एक दिवसही लागला नसता. मागून सखुबाईनं हाक मारली, "तुळसा, पानी संपलंय गो!" बायजा "येते बाय" म्हणून निघाली. पोरग्याचं डोकं तिच्या खांद्यावरून मागं लोंबत होतं.

पावसाळ्यात मिठागर पाण्याखाली गेलं, खड्डाही गेला. तुळसा शकूला घरात मेढीशी, म्हणजे मधल्या खांबाशी टेकवून, दोन्ही गुडघ्यांत धरून भरवायची. एका हाताला ते जमेना. पोर अंगानं उतरली. "ग्रहनाचा गुन सरत आला," सखुबाई म्हणायची. दिवाळीनंतर मिठागर उघडं पडलं, तसा तुळसानं पुन्हा खड्डा खणला. तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

बाळंतपण शिमग्याच्या आधी आलं. मुलगा झाला, झाल्याबरोबर रडला. रंगूबाई म्हणाली, "हा बग, आख्ख्या गावाला उटवतोय." पण आता सुवेर होतं. घराच्या एका कोपऱ्यात चटई लावून बाळंतिणीची जागा केलेली, आणि ते दिवस सरेपर्यंत तिनं चुलीला, भांड्याला, घरातल्या कशालाच हात लावायचा नाही. शकूला भरवायचं काम सखुबाईकडे आलं.

"आत्या, तिला उताणी नको घेऊ," तुळसा चटईआडून म्हणाली. "बसती धर. पेज दाट कर."

"चार पोरं वारवली मी. मना शिकवतस?"

मग पहिला ठसका ऐकू आला. नंतर थापट्या. तुळसा तान्ह्याला छातीशी धरून बसून राहिली. रोज दोन वेळा तो ठसका यायचा आणि ती प्रत्येक वेळी पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत स्वतःचा रोखून धरायची. काही दिवसांनी ठसक्याचा आवाज बदलला. त्यात ओलं काहीतरी घुरघुरू लागलं. शकूला ताप चढला.

"ग्रहनाचा गुन गेला," सखुबाई बाहेर म्हणत होती. "आता पुन्ना लागलं का नीट पुरायला पायजे. गळ्यापरत."

त्याच सकाळी मासळीवाली दारात आली. डोंबिवलीकडची खबर तिच्याकडे होती. "ती पोर बगायला आलेली ना, बायजा? तिचा पोरगा गेला. दूध पाजताना गुदमरला म्हनं."

तुळसानं ते ऐकलं. बांधावरून जाताना मागं लोंबणारं ते डोकं तिला दिसलं. तेवढ्यात बाहेर सखुबाई म्हणाली, "चल गो शकू, दोन घास खा," आणि शिंपल्याचा आवाज आला.

"आत्या, थांब!" तुळसा ओरडली. "ग्रहनानं काय नाय केलं. मी केलं. ग्रहन लागलेलं तवा मी तिला भात दिला. बसती होती म्हनून गेला. तवापासून रोज बांधापलीकरं खड्ड्यात बसवून भरवते. तिला उताणी नको भरवू, मरल ती!"

शिंपला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ग्रहनात घास दिलास?" सखुबाईचा आवाज बारीक झाला होता. "ग्रहनाच्या तोंडातला सूर्य सुटला नव्हता, नि तू घास दिलास? तरीच पोर चालली नाय! आलेला गुन तू घालवलास. नि रोज? रोज जित्या पोरीला मेलेल्यांच्या जागी घालतस? आय हायस का कोन हायस?"

भिवा दारात उभा होता. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"खड्डा खन," तुळसा चटईआडून त्याला म्हणाली. "अंगनात. आत्ता."

त्यानं कुदळ उचलली. सखुबाई त्याच्यापुढं अंगणात जाऊन बसली. "आदी मना पूर. मग तिला."

भिवानं कुदळ खाली टाकली. त्याला आईशी भांडता यायचं नाही, हे तुळसाला ठाऊक होतं. ती उठली. चटईला हात लावला. सुवेरातली बाई बाहेर आली असती तर घर बाटलं असतं, तान्ह्यावर आलं असतं, आणि तरीही ती येणार होती, हे सखुबाईला चटई हलली तेव्हाच कळलं.

"पाय बाहेर टाकू नको!" ती ओरडली. "खबरदार. थांब तितंच."

मग आतल्या खोलीत ओढाओढ झाली. काहीतरी जड आडवं पडलं आणि जमिनीवर दाणे सांडत राहिले, बराच वेळ. तुळसाला तो आवाज ओळखू आला. घरात बांबूची एक उंच कणगी होती, शेणानं सारवलेली. वर्षाचं भात तिच्यात असायचं आणि तिच्या तोंडाला हात घालायचा हक्क एकट्या सखुबाईचा. सुनेनं तिला कधी शिवायचं नाही, म्हणून पावसाळ्यातसुद्धा तुळसाला ती सुचली नव्हती.

"आत पेंढा भर," सखुबाई भिवाला सांगत होती. "खाली भर, नीट दाब. बग काय, कनगीत लक्षुमी असते. कनगीत पोर मरत नाय." मग चटईकडे तोंड करून म्हणाली, "सांग आता. कशी बसवू?"

तुळसानं सांगितलं. पेंढ्याची पायरी कर. गुडघे दुमड. पाठीमागं आणखी भर, बाजूंना भर, काखेपर्यंत. हनुवटी खाली. पेज दाट, शिताएवढी, गालाशी. घाटी हलली का बघ. हलली नाही तर दुसरा घास नको.

"हलली," सखुबाई म्हणाली.

"आता दुसरा."

तुळसा कान देऊन बसली. तान्हं हातात झोपलं होतं. ठसका आला नाही. तिनं बांधापलीकडे खड्ड्यात शिकलेलं सगळं, एकही घास न दिसता, चटईआडून बोलून दाखवलं आणि सखुबाईनं मधे एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

ताप महिनाभर रेंगाळला. शकू वाचली, पण छातीतली घुरघुर कायमची राहिली. सखुबाईनं गावाला सगळं सांगून टाकलं. मुलाच्या बारशाला रंगूबाईशिवाय कुणी आलं नाही. तुळसाचा गळा चांगला होता. लग्नात धवला गाणाऱ्या बाईच्या मागं ती सूर धरायची. त्या साली तिला कुणी बोलावलं नाही, पुढच्या सालीही नाही. ग्रहणात खाऊ घालणारीचा सूर नवरीच्या डोक्यावरून जाऊ नये, असं ठरलं होतं. लग्नघरातला धवला वाऱ्यावर ऐकू यायचा तेव्हा ती कणगीपाशी पेंढा बदलत असायची. पेंढा ओला राहिला तर पोरीच्या कातडीला फोड यायचे, म्हणून तो रोज बदलावा लागायचा.

कणगीबद्दल मात्र कुणी वाईट बोललं नाही. उलट उन्हाळ्यात पलीकडच्या पाड्यातली एक बाई येऊन न बोलता तिच्यात डोकावून, पेंढा कुठवर आहे ते हातानं मोजून गेली. तुळसानं तिला अंगणात गाठलं आणि घास गालाशी द्यायचा हे सांगितलं. या वेळी मागून कुणी हाक मारली नाही.

सखुबाईनं आपलं म्हणणं शेवटपर्यंत सोडलं नाही. ग्रहणानं पोर सोडली होती, आईनं बिघडवली, असं ती शकूला भरवता भरवता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. भरवायचं काम तिनं परत तुळसाला दिलं नाही. तुळसा दिवसभर मिठागरावर असायची आणि म्हातारी कणगीवर ओणवी होऊन, सकाळ-संध्याकाळ, शिताएवढा घास गालाशी लावायची. दोन वर्षं गेली. शकू सात वर्षांची झाली, भिवानं रुंद कणगी विणून घेतली. ओणवं राहून राहून सखुबाईची कंबर वाकली.

एका सकाळी तिला उठताच येईना. पाठीत उसण भरली होती. ती जमिनीवर पालथी झाली आणि म्हणाली, "पोरीला आन."

भिवानं शकूला कणगीतून उचललं. आता ती जड झाली होती. तुळसानं तिचा ताठ, थंड पाय हातात धरला आणि म्हातारीच्या पाठीला तीनदा लावला. किती तरी वर्षांनी कुणी तो पाय मागितला होता. शकूनं तोंड वाकडं करून आवाज काढला. तिचं हसणं तसंच होतं.

"गुन आला का, आत्या?"

"नाय." सखुबाई तशीच पडून राहिली. "मी उटले नाय तर हिला कोन भरवल?"

"मी भरवीन."

"तू?" म्हातारीनं गाल जमिनीला टेकवला. "तुजा घास मोटा असतो. कितीदा सांगितलं तुना. जा, कनगीत बसव तिला. पेज निवते. नि इकरं, माज्यासमोर बसव. मना दिसल असं भरव."

तुळसानं कणगी ओढून म्हातारीच्या डोळ्यांपुढं आणली, पोरीचे गुडघे दुमडले, पेंढा काखेपर्यंत भरला आणि पहिला घास बोटावर घेतला.

"मोटा हाय," सखुबाई जमिनीवरून म्हणाली.

तुळसानं तो अर्धा केला.